लेखकाशी मैत्री जुळते ती तिसऱ्याच पुस्तकातून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापासून तुम्ही एका ऑनलाइन वाचक-गटात आहात. नियमाने परीक्षणं लिहिता, लोकांना ती आवडतातही, पण ज्याला मैत्री म्हणावं असं कुणाशी जुळलेलं नाही. तुम्ही स्वतः कथा लिहिता. तुमच्या आवडत्या एक लेखिका त्याच गटात आहेत. त्यांना तुम्ही मोठा, मनापासूनचा मेसेज पाठवलात. त्यांचं उत्तर आलं, "मनापासून आभार." पुढे काहीच नाही. आपलं काय चुकलं, आणि अशा ठिकाणी वाचक-लेखकांची मैत्री खरंच होते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

होते. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात जवळच्या चार माणसांपैकी तिघं मला अशीच भेटली आहेत. चौदा वर्षं मी एक वाचक-गट सांभाळतेय. आधी नुसती वाचक होते, नंतर माझे दोन कथासंग्रह आले. त्यामुळे असे मेसेज मी पाठवलेतही आणि मला आलेतही. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या मेसेजमध्ये वावगं काहीच नव्हतं. फक्त सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली.

तो मेसेज लेखिकेच्या बाजूने वाचून बघा. "तुमचं पुस्तक मी तीनदा वाचलं, रडले, माझंच आयुष्य तुम्ही लिहिलंय असं वाटलं." यावर माणूस काय बोलणार? आभार मानणार. दुसरं काही बोलायला त्यात जागाच नाही. ती नम्रपणे म्हणाली, "एवढं काही ग्रेट नाही हो", तर तुम्हाला वाईट वाटेल. "हो, मलाही ते पुस्तक आवडतं" असं तर तिला म्हणताच येणार नाही. शिवाय तुम्ही तिला चांगल्याच ओळखता, पण ती तुम्हाला अजिबात ओळखत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीवर लिहून ठेवलंय. त्यांच्यासमोर रेडिओ-टीव्हीवरची माणसं आणि त्यांचे प्रेक्षक होते. रोज घरात दिसणारा, थेट आपल्याशी बोलणारा चेहरा बघून प्रेक्षकाला हा आपला मित्रच आहे असं वाटतं, आणि त्या मित्राला मात्र आपला पत्ताच नसतो. पुस्तकाच्या बाबतीत हे जास्तच होतं, कारण पुस्तक आपण एकट्याने, मनातल्या मनात, जवळजवळ आपल्याच आवाजात वाचतो. त्यामुळे तुम्हाला वाटलेली जवळीक खोटी नाही. पण त्या लेखिकेच्या लेखी तुमची ओळख त्या मेसेजच्या पहिल्या ओळीपासून सुरू झाली, आणि पहिल्याच ओळीत तुम्ही तिला उंचावर बसवलंत.

मला इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट अशी आहे की लेखकाशी मैत्री त्याच्या पुस्तकावरून क्वचितच जुळते. आपल्या पुस्तकावरूनही नाही. ती जुळते तिसऱ्याच कुणाच्यातरी पुस्तकावरून. ते दोघांनीही लिहिलेलं नसतं, म्हणून त्याच्यापुढे दोघंही सारखेच वाचक असतात.

आमच्या गटातलं एक उदाहरण सांगते. एक नावाजलेल्या लेखिका सदस्य होत्या. त्या काही बोलल्या की सगळे "वा, ताई" म्हणून गप्प व्हायचे. त्याही मग फारशा बोलेनाशा झाल्या. एकदा आम्ही एक जाडजूड भाषांतरित कादंबरी वाचायला घेतली होती. वाचणारे होते नऊ-दहा जण. दुसऱ्या आठवड्यात एका नव्या सदस्याने एवढंच विचारलं, "नायकाचा धाकटा भाऊ कुठे गेला? तिसऱ्या प्रकरणानंतर त्याचं नावच नाही. माझ्याकडून काही सुटलं का?" पाच मिनिटांत ताईंचं उत्तर आलं: "नाही, मीही त्यालाच शोधतेय! मला वाटलं मीच पानं उलटताना झोपले." त्यानंतर तीन आठवडे ही दोघं त्या भावाच्या मागावर होती. शेवटी तो एकोणिसाव्या प्रकरणात सापडला. कुणाच्या तरी तोंडी एक अर्धं वाक्य आहे, आणि त्यावरून कळतं की तो केव्हाच घर सोडून गेलाय आणि घरात त्याचं नाव काढायला कुणी तयार नाही. लेखकाने तो विसरून वगळला नव्हता, घरच्यांनीच त्याला वगळलं होतं. ते लक्षात आल्यावर ताईंनी त्या रात्री गटात जे लिहिलं, तितकं मोकळं त्या आधी कधीच बोलल्या नव्हत्या. त्या दोघांची आज सात वर्षांची मैत्री आहे. त्यांचं पुस्तक आपण वाचलेलंच नाही, हे त्या मुलाने त्यांना सहा महिन्यांनी सांगितलं. त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, असं त्या मला म्हणाल्या.

हे इंटरनेटमुळे सुरू झालं असंही नाही. न्यूयॉर्कमधली हेलीन हॅन्फ नाटकं आणि टीव्हीसाठी लिहायची. १९४९ मध्ये तिने लंडनमधल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाला काही पुस्तकं मागवायला पत्र लिहिलं. तिकडून उत्तरं द्यायचा तो फ्रँक डोएल नावाचा दुकानातला माणूस. पुढची जवळजवळ वीस वर्षं दोघं एकमेकांना लिहीत राहिले. त्यात पुस्तकांच्या आवृत्त्या, बांधणी, भाषांतरं यांवरच्या चर्चा भरपूर आहेत. त्याने सॅम्युएल पीप्स या सतराव्या शतकातल्या इंग्रजाच्या रोजनिशीची काटछाट केलेली आवृत्ती पाठवली तेव्हा ती केवढी भडकली होती! पण असं भडकता भडकताच ओळख मुरत गेली. युद्धानंतरच्या टंचाईत ती दुकानातल्या सगळ्यांसाठी खाण्याची पार्सलं पाठवायला लागली, आणि तिकडून घरच्या माणसांचीही पत्रं येऊ लागली. १९६८ च्या डिसेंबरमध्ये तो वारला. दोघांची भेट कधीच झाली नाही. मराठीत जी. ए. कुलकर्णींची पत्रं बघा. लोकांत फारसा न मिसळणारा हा लेखक पत्रांमध्ये किती मोकळा होतो! सुनीता देशपांडे यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात इतर लेखकांच्या पुस्तकांना केवढी जागा आहे!

आता वेळेचं बोलते, कारण बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास मांडला. नव्या ठिकाणी राहायला गेलेली प्रौढ माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातले विद्यार्थी यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इथपर्यंत यायला ९० च्या आसपास, आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज निघाला. ही माणसं एकमेकांना प्रत्यक्ष भेटणारी होती, त्यामुळे हे आकडे ऑनलाइन ओळखींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी हिशोब करून बघा. आठवड्याला दोन तास धरले तर पन्नास तासांना पंचवीस आठवडे लागतात आणि दोनशे तासांना जवळपास दोन वर्षं. तुम्ही म्हणाल, माझं दीड वर्ष झालंय की. पण त्या दीड वर्षात परीक्षण लिहिताना तुम्ही एकट्या होतात, आणि वाचणाराही एकटाच होता. तो वेळ या हिशोबात येत नाही. दोघांनी एकाच वेळी, एकाच गोष्टीवर घालवलेला वेळच त्यात धरायचा.

म्हणून माझा पहिला सल्ला: परीक्षणं थोडी कमी करा आणि सहवाचन सुरू करा, म्हणजे काही जणांनी एकच पुस्तक एकाच वेळी वाचायचं आणि वाचता वाचता त्यावर बोलायचं. दोन ते पाच जण पुरेत. आठ-दहांच्या वर गेलं की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे बघत बसतात. सुरुवातीला पातळ पुस्तक घ्या, दोनशे पानांच्या आतलं. जाड पुस्तक घेतलं की तिसऱ्या आठवड्यात निम्मे गळतात आणि राहिलेले अपराधी वाटून बोलत नाहीत. या आठवड्यात कुठल्या पानापर्यंत बोलायचं ते आधी ठरवा आणि ते कटाक्षाने पाळा. स्पॉइलरवरून, म्हणजे पुढचं कथानक कुणी आधीच फोडल्यावरून, झालेलं भांडण वाटतं त्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. आणि सहवाचनात मतं कमी मांडा, प्रश्न जास्त विचारा. "मला हे प्रकरण संथ वाटलं" यावर पुढचा फार तर "मलाही" म्हणेल. "बाई खिडकी बंद करते तेव्हा बाहेर कोण आहे हे तिला माहीत आहे, असं तुम्हाला वाटतं का?" असं विचारलं की समोरचा पुस्तक परत उघडतो. दोघांनी एकाच वेळी एकच पान उघडलेलं असणं, एवढंच तर आपल्याला हवं असतं.

तुम्ही लिहिताही, म्हणून याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. लिहिणाऱ्याच्या मनात कुठेतरी असतंच, की या माणसाने आपलं वाचावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ओळख झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तीनशे पानांची फाइल पाठवणं म्हणजे समोरच्याचे पंधरा-वीस तास न विचारता मागणं आहे. प्रथितयश लेखकांकडे अशा फायली सतत येत असतात, आणि कायदेशीर कटकट नको म्हणूनही त्यांतले अनेक जण दुसऱ्याचं अप्रकाशित लेखन वाचतच नाहीत. उद्या त्यांच्या कथेत तुमच्या कथेसारखं काही आलं तर काय, ही भीती त्यांना असते. तेव्हा नकार आला तर तो तुमच्या लेखनाला नाही असंच धरून चाला.

बीटा रीडर, म्हणजे छापण्याआधी मसुदा वाचून मोकळेपणाने सांगणारा वाचक, आपल्यासारख्याच धडपडणाऱ्यांत शोधावा. मी माझ्यापुरता एक नियम केलाय: आधी दुसऱ्याचं दोनदा वाचायचं, मग आपलं एकदा द्यायचं. द्यायचं तेही दहा पानं, आणि काय हवंय ते सांगून. "कसं वाटलं?" असं विचारलं तर "छान" हेच उत्तर येणार. "तुमचं लक्ष कुठल्या वाक्यावर उडालं तिथे खूण करा" असं सांगितलं की खरं उत्तर येतं.

माझी पहिली अशी मैत्रीण मला एका दिव्यामुळे मिळाली. माझ्या कथेतली बाई रात्री दिवा मालवते, खाटेवर बसते आणि मग आलेलं पत्र पुन्हा एकदा वाचते. पाच जणांनी ती कथा वाचली होती. सगळ्यांनी शेवटाचं कौतुक केलं. हिने फक्त एक ओळ लिहिली: "दिवा मालवलाय ना? मग ती वाचते कशी?" मी आधी चिडले. मग पाणी पिऊन आले आणि पुन्हा वाचलं. कथा तिथेच बदलली. आता बाई अंधारात पत्र हातात धरून बसते, कारण तिला ते पाठ आहे. आख्ख्या कथेत लोकांच्या लक्षात राहतं ते नेमकं हेच वाक्य, आणि ते त्या प्रश्नातून आलंय. तिला मी त्या रात्री दोन पानी पत्र लिहिलं. त्यानंतर माझी एकही कथा तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेली नाही, आणि तिची माझ्या.

मैत्री झाली की अवघड भाग सुरू होतो. मित्राचं पुस्तक येतं, आणि ते तुम्हाला आवडत नाही. पाच स्टार द्यायचे का?

मी एकदा दिले. मैत्रिणीची कादंबरी होती आणि मधली शंभर पानं रेंगाळलेली होती. ते मी तिला मसुद्याच्या वेळी पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं, म्हणून छापून आल्यावर सांगवेना. मी पाच स्टार दिले, गोड परीक्षण लिहिलं. तीन महिन्यांनी गप्पांच्या ओघात मी म्हणून गेले की मधला भाग थोडा आवळायला हवा होता. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग इतरांना तू जे स्टार देतेस तेही असेच असतात का?" पुस्तक आवडलं नाही याचं तिला दुःख नव्हतं. माझ्या शब्दावरचा तिचा भरवसा गेला होता, आणि तो परत यायला वर्ष लागलं. तेव्हापासून मी मित्रांच्या पुस्तकांना स्टार देत नाही. लिहावंसं वाटलंच तर पहिल्याच ओळीत "लेखिका माझी मैत्रीण आहे" असं लिहिते, आणि खटकलेलं काही असेल तर ते खासगीत, जमलं तर छापण्याआधी सांगते. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत तर लेखकाशी जवळचं नातं असलेल्यांनी ग्राहक म्हणून परीक्षण लिहायला बंदीच आहे. "तू माझं लिही, मी तुझं लिहिते" ही देवाणघेवाण कितीही प्रेमाने पुढे आली तरी नाही म्हणा. त्यात वाचकाची फसवणूक होते, आणि मैत्रीचा व्यवहार होऊन बसतो.

याचंच उलटं रूप आणखी वाईट. २०२३ मध्ये एका नवोदित इंग्रजी लेखिकेने गुडरीड्सवर, म्हणजे वाचक जिथे पुस्तकांना स्टार देतात आणि परीक्षणं लिहितात त्या वेबसाइटवर, खोटी खाती उघडून तिच्यासारख्याच पहिलं पुस्तक येऊ घातलेल्या लेखकांना एकेक स्टार दिल्याचं उघड झालं. प्रकाशकाने तिचं पुस्तक रद्द केलं. ज्यांना तिने खाली ओढलं त्यांच्यात तिची मित्रमंडळी होऊ शकली असती असे समव्यावसायिकच होते. लेखकाने आपल्या पुस्तकाच्या वाईट परीक्षणाखाली जाऊन वाद घालणंही मी ठामपणे टाळायला सांगते. परीक्षण वाचकांनी वाचकांसाठी लिहिलेलं असतं. तिथे लेखक आला की बाकीचे सगळे जपून बोलायला लागतात. गुडरीड्सने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये लेखकाच्या वागणुकीवर बेतलेली परीक्षणं काढून टाकायचं धोरण जाहीर केलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ उठला! वाचक आणि लेखक एकाच छताखाली आले की अशी ठिणगी पडतेच, हे धरून चालावं आणि आपल्यापुरतं बोलणं पुस्तकावरच ठेवावं.

एक सावधगिरी. लिहून बोलताना माणूस विचार करून, चांगली बाजू पुढे ठेवून बोलतो, आणि न दिसलेल्या जागा वाचणारा आपल्या कल्पनेने, बहुधा चांगल्याच गोष्टींनी भरतो. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये हे मांडलं होतं. म्हणून ऑनलाइन जवळीक कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त गडद वाटते. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांना तर शब्दच भुलवतात. पहिली भेट चारचौघांत, गर्दीच्या जागी ठेवा. कुणी पैशांची अडचण सांगायला लागलं, पुस्तक छापून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागायला लागलं किंवा गटाबाहेर खासगीत बोलायची घाई करायला लागलं, तर तिथेच थांबा आणि गट सांभाळणाऱ्यांना कळवा.

आणि जागा टिकतील असं धरू नका. वाचकांची आणखी एक वेबसाइट, लायब्ररीथिंग, २००५ मध्ये सुरू झाली, गुडरीड्स २००७ मध्ये. गुडरीड्स २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलं. दोन्ही आजही आहेत. पण नॅनोरायमो, म्हणजे नोव्हेंबरच्या एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचा उपक्रम, १९९९ मध्ये एकवीस जणांनी सुरू केला, तो जगभर पसरला, आणि त्यामागची संस्था २०२५ मध्ये बंद झाली. आमचा पहिला गट ज्या ठिकाणी होता ते ठिकाणही असंच एका महिन्याच्या मुदतीवर बंद झालं. सहा वर्षांच्या चर्चा गेल्या. ज्यांचा ईमेल पत्ता माझ्याकडे होता ती माणसं राहिली. ज्यांचं फक्त टोपणनाव माहीत होतं अशी एक बाई होती, दर पुस्तकात नकाशे शोधायची. ती कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. तेव्हा मैत्री थोडी मुरली की समोरच्याची हरकत नसेल तर ईमेल पत्ते देऊन-घेऊन ठेवा, आणि आपल्या नोंदींची प्रत उतरवून घ्या. गुडरीड्सवरून आपली पुस्तकांची यादी फाइल म्हणून काढून घेता येते.

आता तुमच्या लेखिकेबद्दल. त्यांना दुसरा मेसेज पाठवू नका, पहिल्याची आठवणही करून देऊ नका. गुडरीड्ससारख्या ठिकाणी त्यांच्या शेल्फवर, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, "सध्या वाचतेय" खाली काय आहे ते बघा. लेखक मंडळी हे मनापासून भरतात, कारण त्या एका जागी त्यांना लेखक असावं लागत नाही. त्यातलं तुम्हाला खरोखर वाचावंसं वाटेल असं एक निवडा. निव्वळ त्यांच्यासाठी म्हणून वाचलंत तर तुमच्या प्रश्नातून ते लगेच कळेल. वाचा, अडाल तिथे खूण करा, आणि गटातल्या त्या पुस्तकाच्या चर्चेत, सगळ्यांसमोर, तुम्हाला खरोखर न कळलेली एकच गोष्ट विचारा. कदाचित त्या बोलतील. कदाचित दुसरंच कुणीतरी बोलेल, ज्याचं नाव दीड वर्षात तुम्ही कधी नीट वाचलंही नसेल. तिथे थांबा आणि त्या माणसाशी बोला.

पुस्तक कोणतं निघालं ते मला नक्की कळवा. मी वाचलेलं नसेल तर मीही घेते वाचायला.